‘पोट कापून छाती भरतात’ या मेसेजला उत्तर
कोल्हापुरात महिला मंडळांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: कॅन्सरमुळे स्तन काढला तर परत बनवून घेऊ नका. पोटाची चरबी नुसती छातीत भरतात, पोट कायमचं अधू होतं, गाठ परत आली तर आत दबून राहते, आणि पहिल्याच ऑपरेशनात केलं नाही तर पुढे होत नाही. हे वाचून बायका डॉक्टरांना विचारायच्याच थांबतात, म्हणून एकेक मुद्दा घेते.

चरबी ‘भरत’ नाहीत. रक्त न मिळालेला एवढा मोठा गोळा जगणारच नाही. बेंबीखालची त्वचा आणि चरबी रक्तवाहिन्यांसकट उचलून छातीच्या हाडालगतच्या रक्तवाहिन्यांना जोडतात. या वाहिन्या दोन-तीन मिलिमीटरच्या. मायक्रोस्कोपखाली, केसाहून बारीक धाग्यानं टाके घालतात. नंतर नर्स तासातासाला डॉपलर हे छोटं यंत्र लावून रक्त वाहण्याचा आवाज ऐकते, रंग आणि ऊब बघते.

पोटाची भीती मात्र मला समजते. करवीर-पन्हाळ्यात डोक्यावर वैरणीचा भारा वाहणाऱ्या बाईला पहिला प्रश्न हाच पडणार. पोटाच्या पुढे उभे स्नायू असतात, त्यांच्यावर चिवट पांढरं आवरण. 1982 मध्ये सर्जन हार्टरॅम्फ यांनी मांडलेल्या ट्रॅम पद्धतीत चरबीबरोबर स्नायूही जायचा, त्यामुळे हर्नियाची धास्ती खरी होती. त्यानंतर आलेल्या डीप पद्धतीत आवरणाला चीर देऊन, स्नायूचे तंतू बाजूला करून फक्त रक्तवाहिन्या सोडवतात आणि आवरण परत शिवतात. स्नायू जागेवरच राहतो. पोट फुगण्याचा धोका शून्य होत नाही, पण कमी होतो. काही आठवडे भारा उचलायचा नाही, एवढं खरं.

गाठ दबून राहते, हा सगळ्यात घातक दावा. तिथे कॅन्सर परतलाच तर बहुतेकदा उरलेल्या त्वचेत किंवा तिच्या लगेच खाली येतो. ही त्वचा नव्या उभाराच्या वर असते, हाताला लागते. चरबीचा तुकडा मरूनही कडक गोळा होतो, म्हणजे प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते. तरी अंदाज न बांधता सोनोग्राफी आणि गरज पडली तर बायोप्सी (गाठीचा तुकडा काढून तपासणं) करायचीच.

पहिल्या ऑपरेशनात केलं नाही तरी स्तन नंतरही बनवता येतो. रेडिएशन झालं असेल तर डॉक्टरच काही महिने थांबवतात. स्तनाखालची घडी गेली असेल तर ती टाक्यांनी छातीच्या भिंतीला पुन्हा बांधावी लागते, इतकंच.

खरी काळजी मेसेजमध्ये नाहीच: मिसरी. तंबाखूतल्या निकोटिननं याच बारीक रक्तवाहिन्या आकसतात. दवाखान्यात विचारतात सिगारेटचं, तेव्हा मिसरीचं आपणहून सांगा आणि ऑपरेशनच्या बऱ्याच आधी ती सोडा.