मारव्याची ध्वनिमुद्रिका आणि श्रोत्याने लिहिण्याचा अधिकार : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

उस्ताद अमीर खाँ यांच्या मारवा रागाच्या ध्वनिमुद्रिकेवर मी लिहिलेल्या लेखाला आपण धुळ्याहून पाठवलेली दीर्घ प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. मुद्दा धरून विरोध करणारा वाचक मिळणे ही लिहिणाऱ्याला समाधान देणारी गोष्ट असते, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे की, ख्याल ही समोर बसून ऐकण्याची गोष्ट असून ध्वनिमुद्रण ऐकून गवयाविषयी लिहिणे म्हणजे फोटो पाहून जेवणाची चव सांगणे होय. अशा लेखनामुळे नवख्या श्रोत्याचे कान आधीच बांधले जातात. तबकडीच्या साडेतीन मिनिटांत गायकी कळत नाही, आणि नुसत्या श्रोत्याने तर लिहूच नये. आणि लिहिण्याची हौस असेलच तर आधी पुण्याला सवाई गंधर्व महोत्सवात बसून यावे. याखेरीज आपण असेही म्हटले आहे की, खाँसाहेब मारव्यात षड्ज (सा) लांबणीवर टाकतात याचे मी केलेले कौतुक अनाठायी आहे, कारण ते रागाचे व्याकरणच आहे, त्यात गायकाचे वैशिष्ट्य काही नाही. हा शेवटचा आक्षेप मला सर्वांत मोलाचा वाटतो, म्हणून तेथूनच सुरुवात करतो.

मारव्यात कोमल ऋषभ (रे) आणि शुद्ध धैवत (ध) हे प्रबळ, मध्यम (म) तीव्र, पंचम (प) वर्ज्य आणि षड्जावरचा मुक्काम कमी, एवढे कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडते. पूरिया आणि सोहनी या रागांचे स्वरही हेच आहेत, त्यामुळे कोणत्या स्वरावर किती थांबायचे यावरच मारव्याचे मारवापण अवलंबून असते, हेही आपण म्हणता तसे खरे. परंतु षड्ज टाळावा एवढे सांगून व्याकरण थांबते. तो किती वेळ टाळावा, त्या वेळात ऐकणाऱ्याला कोणत्या स्वराच्या आधाराने धरून ठेवावे, आणि अखेर षड्ज लागतो तेव्हा तो ठामपणे लागावा की नुसता स्पर्शून जावा, हे व्याकरण सांगत नाही. खाँसाहेबांच्या त्या ध्वनिमुद्रिकेत १४ मात्रांचा झुमरा ताल अतिविलंबित, म्हणजे अतिशय संथ लयीत चालतो, आवाज बराच वेळ मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकात राहतो, आणि ऋषभावर ते इतके निवांत थांबतात की, खाली तंबोरा षड्ज सतत देत असताना वरचा आवाज मात्र त्याच्याकडे जायला तयार नाही, हा ताण आपल्याला शरीराने जाणवू लागतो.

आता त्याच संध्याकाळी, मध्ये थोडी विश्रांती घेऊन, पंडित वसंतराव देशपांडे यांचा मारवा लावावा. राग तोच, षड्ज टाळण्याचा नियम तोच. पण वसंतरावांचा ऋषभ फेकीने येतो, ताना षड्जाला ओलांडून पलीकडे झेपावतात, आणि खाँसाहेबांकडे जेथे संयमाने वाट पाहणे होते तेथे वसंतरावांकडे बेचैनी आहे. व्याकरण एकच असताना उरलेला हा सगळा फरक गायकाच्या स्वभावाचा आहे, आणि मी लिहिले होते ते त्याविषयी. शिवाय हा फरक एका बैठकीत शेजारी-शेजारी ठेवून ऐकणे मैफलीच्या जगात कोणालाही शक्य नव्हते. खाँसाहेब १९७४ साली गेले, वसंतराव १९८३ साली. त्यानंतर जन्मलेल्या श्रोत्यापुढे मैफल की ध्वनिमुद्रण असा पर्यायच नाही. त्याने एक तर हे ध्वनिमुद्रण ऐकावे, नाही तर मारव्याची ही दोन रूपे आयुष्यभर ऐकूच नयेत. म्हणून आपली फोटोची उपमा मला मान्य करता येत नाही. फोटोतल्या ताटात चव नसते. ध्वनिमुद्रिकेत स्वर असतो, लय असते, श्वास कोठे घेतला तेही असते.

ध्वनिमुद्रणाची आणखी एक बाजू आहे, आणि माझ्या दृष्टीने तीच मुख्य आहे. मैफलीत एखादी जागा येते आणि निघून जाते. घरी परतताना दोन श्रोत्यांत मतभेद झाला तर दोघांकडेही फक्त आठवण असते, आणि आठवणीशी वाद घालता येत नाही. ध्वनिमुद्रणात मात्र मी आपल्याला सांगू शकतो की अमुक मिनिटाला, तबल्याची सम (तालाची पहिली मात्रा) येण्याआधी, धैवतावरून निषाद (नी) न घेता येणारी ही ओळ ऐका. आपण ती ऐकून मला सांगू शकता की तेथे निषादाचा कण, म्हणजे ओझरता स्पर्श आहे. म्हणजे माझा ठसा तपासला जाऊ शकतो, खोडला जाऊ शकतो. जो अभिप्राय खोडता येतो तोच इतरांपुढे ठेवण्याच्या योग्यतेचा असतो, असे मी मानतो.

याचा एक अनुभव सांगतो. जळगावात आम्ही काही श्रोते एकत्र बसून जुनी ध्वनिमुद्रणे ऐकतो. मे महिन्यात बाहेर ४४-४५ अंश असले तरी गाणे सुरू होण्यापूर्वी कूलर बंद केला जातो, कारण तो चालू असताना तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा गुंजणारा झंकार ऐकू येत नाही आणि ती ऐकू आली नाही तर स्वर लागला की नाही हे ठरवणार कशावरून? अशाच एका बैठकीत उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची झिंझोटीतील ‘पिया बिन नाही आवत चैन’ ही तबकडी लावली होती. ऐकून झाल्यावर आमच्यातील एक बाई म्हणाल्या की, त्यांच्या घरच्या प्रतीतला आवाज असा पातळ नाही, येथे खाँसाहेब घाईत आहेत असे वाटते. पुढच्या वेळी त्या आपली प्रत घेऊन आल्या. पेटीवर षड्ज धरून पाहिला तर दोन्ही प्रतींत जवळजवळ अर्ध्या स्वराचा फरक निघाला. ७८ फेऱ्यांची तबकडी नवीन माध्यमावर उतरवताना ती मिनिटाला ८२ फेऱ्यांनी फिरली, तर पट्टी एवढी चढते आणि लयही तितकीच वाढते. आमच्यापैकी काहींनी त्या गाण्यातल्या ज्या व्याकुळतेची वाखाणणी केली होती, तिचा थोडा भाग प्रत उतरवणाऱ्या यंत्राचा होता. हे उघड झाले ते त्या बाईंनी आपल्याला जे वाटले ते संकोच न करता बोलून दाखवले म्हणून. ‘मी गाणे शिकलेली नाही, मी कशाला बोलू’ असे म्हणून त्या गप्प बसल्या असत्या, तर आम्ही आजही वेगात फिरणारी प्रतच ऐकत असतो.

यावरून आपण म्हणाल की ध्वनिमुद्रण फसवते हेच यातून सिद्ध होते. ते फसवू शकते, यात शंका नाही. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर सव्वातीन-साडेतीन मिनिटांचेच गाणे मावत असे. १९२५ पूर्वीच्या काळात कर्ण्यासमोर आवाज काढून गावे लागे आणि साथीची वाद्ये नीट उमटत नसत. आणि अलीकडे जुन्या तबकडीची खरखर काढून टाकण्याच्या नादात तंबोऱ्याची जवारीही पुसली जाते. म्हणूनच कोणती प्रत ऐकली हे लेखात सांगितले पाहिजे, असा माझा आग्रह असतो. परंतु साडेतीन मिनिटांत गायकी कळत नाही, हे आपले विधान मी जसेच्या तसे स्वीकारू शकत नाही. पंडित भीमसेन जोशी यांनी लहानपणी अब्दुल करीम खाँसाहेबांची हीच झिंझोटीची तबकडी ऐकली आणि असे गाणे शिकायचे म्हणून ते घर सोडून गुरूच्या शोधात निघाले, हे सर्वश्रुत आहे. कुमार गंधर्व तर बालवयात थोरामोठ्यांच्या तबकड्या ऐकून त्या हुबेहूब गात असत. त्या तबकड्यांत संपूर्ण गायकी नव्हती, पण गायकीकडे नेण्याइतके काही तरी निश्चित होते.

श्रोत्याने लिहू नये, हा आग्रह धरताना आपण एका गोष्टीचा विचार करावा अशी माझी विनंती आहे. बालगंधर्वांचे गाण्याचे सुरुवातीचे शिक्षण आपल्या खानदेशात, जळगावला मेहबूबखाँ यांच्याकडे झाले, आणि पुढे त्यांना तालीम मिळाली ती भास्करबुवा बखले यांची. बालगंधर्वांच्या तबकड्या आपण आजही ऐकतो. भास्करबुवा मात्र १९२२ साली गेले आणि त्यांच्या आवाजाची एकही तबकडी मागे राहिली नाही. एवढ्या थोर गवयाविषयी आज आपल्याला जे काही माहीत आहे ते त्यांच्या शिष्यांच्या गळ्यातून आणि त्यांना ऐकलेल्या माणसांनी सांगितलेल्या, लिहून ठेवलेल्या आठवणींतून आले आहे. त्या माणसांत न शिकलेले श्रोतेही होते. त्यांच्या लेखनाने कोणाचे कान बांधले गेले असे मला वाटत नाही. उलट भास्करबुवा काय गात असतील याची ओढ त्यांनी पुढच्या पिढ्यांत जागी ठेवली.

कान बांधले जाण्याची आपली भीती एका बाबतीत योग्य आहे. ‘दैवी’, ‘अलौकिक’, ‘शब्दांपलीकडचे’ अशा विशेषणांनी भरलेले लेखन खरोखरच नवख्याला दडपून टाकते. त्याला तसे काही वाटले नाही तर आपल्यातच उणीव आहे असे तो समजतो. अशी विशेषणे मीही वाचतो तेव्हा अस्वस्थ होतो. पण कोठे ऐकायचे एवढे दाखवून देणाऱ्या लेखनाला या पंगतीत बसवू नये. शहाद्याच्या किंवा पारोळ्याच्या एखाद्या कॉलेजच्या मुलाचा विचार करा. जानेवारीत जळगावला बालगंधर्व संगीत महोत्सव होतो, तो त्याने ऐकावाच. सवाईलाही त्याने जरूर जावे, मीही जातो, पण रात्रभराचा प्रवास आणि पाच दिवसांचा खर्च त्याला दरवर्षी झेपणार नाही. बाकी सगळे वर्ष त्याच्या मोबाइलवर शेकडो ध्वनिमुद्रणे असतात आणि त्यांतले आधी काय ऐकावे हे सांगणारे शेजारी कोणी नसते. पुण्याच्या मंडपात जाणत्या माणसाने योग्य जागी मान हलवली की बाजूच्या नवशिक्याचे लक्ष आपोआप तेथे जाते. तेवढे काम खानदेशात बसून कोणी लिहून करत असेल, तर त्याला अडवू नये. उद्या तो मुलगा ‘मला तर तेथे काहीच वाटले नाही’ असे लिहून पाठवील, तर तेही मी आनंदाने छापीन.

आपल्या पत्राच्या शेवटी एक ओझरता उल्लेख आहे, की अमीर खाँसाहेबांच्या द्रुत बंदिशीत एके ठिकाणी आपल्याला पूरियाची छाया दिसते. मला ही गोष्ट अतिशय महत्त्वाची वाटते. गंधार (ग) आणि निषाद यांच्यावर थोडे अधिक वजन पडले तर मारव्यात पूरिया डोकावतो, आणि खाँसाहेबांसारख्या गवयाकडून ते घडले असेल तर अनवधानाने की जाणूनबुजून, हा प्रश्न पुष्कळ काळ पुरेल असा आहे. आपण ती जागा कोणत्या मिनिटाला आहे आणि आपली प्रत ध्वनिमुद्रिका आहे, कॅसेट आहे की संगणकावरची, एवढे कृपया कळवावे. आमच्या मंडळींपैकी दोघांकडे मूळ ध्वनिमुद्रिका आहे, तिच्या दुसऱ्या बाजूवर दरबारी आहे. आपण सांगाल ती जागा आम्ही पेटीवर स्वर धरून ऐकू आणि आपले म्हणणे व आमचे म्हणणे एकत्र प्रसिद्ध करू.

आपला,
एक श्रोता, जळगाव