आधी रस्ता की आधी वस्ती? 'खरा नागपूरकर' यांना उत्तर

'खरा नागपूरकर' यांस,

माझ्या लेखाचं म्हणणं एवढंच होतं. छत्रपती चौकातून निघून नरेंद्रनगर, ओंकारनगर, मानेवाडा, म्हाळगीनगर, दिघोरी करत पारडीकडे जाणारा नागपूरचा इनर रिंग रोड आता शहराबाहेरचा वळणरस्ता राहिलेला नाही. दोन्ही अंगांना घरं, शाळा, दवाखाने, भाजीवाले आहेत. म्हणून त्याला धड पदपथ द्या, सिग्नलसकट झेब्रा क्रॉसिंग द्या आणि शहरात ज्यांचं काम नाही ते ट्रक आउटर रिंग रोडने वळवा. त्यावर तुम्ही लिहिलंत: "लेखक महाशयांनी धरमपेठेतून खाली उतरावं. रस्ता आधी आला, हे लोक नंतर येऊन बसले आणि आता हायवेवर झेब्रा मागतात. मानेवाड्याला उड्डाणपूल टाका, विषय संपला. आणि कळमन्याचे ट्रक कुठून न्यायचे तेही सांगा."

मतभेदाचं मला वावडं नाही. पण 'महाशय', 'खाली उतरावं', 'येऊन बसले' ही काय बोलायची रीत झाली? मी माझ्या नावाने लिहितो. तुम्ही टोपणनाव घेता, आणि तेही असं की बाकीचे सगळे आपोआप खोटे नागपूरकर ठरावेत. हा दाखला तुम्हाला दिला कोणी?

धरमपेठेसारख्या शहरातल्या सुखवस्तू भागात मी एक दिवसही राहिलेलो नाही. माझं बालपण मानेवाड्याच्या मागच्या एका ले-आउटमध्ये गेलं. बाबांनी पोटाला चिमटा घेऊन तिथे प्लॉट घेतला. विकणाऱ्याच्या नकाशावर बाग होती, मैदान होतं, नाल्या होत्या. जागेवर होती काळी माती. पावसाळ्यात चपला हातात घेऊन चालावं लागे आणि सायकल मुख्य रस्त्यावर ओळखीच्या दुकानापाशी ठेवावी लागे. आई टँकर यायच्या आधी रांगेत पाण्याचा गुंड, म्हणजे घागर, लावून यायची. आर.एल.च्या, म्हणजे प्लॉट नियमित झाल्याच्या 'रिलीज लेटर'च्या, कागदांची पिशवी आमच्या घरात दागिन्यांच्या डब्याशेजारी असायची आणि त्यासाठीच्या शुल्काची डिमांड नोट भरून झाली त्या दिवशी बाबांनी गल्लीत पेढे वाटले. या माणसाला तुम्ही 'येऊन बसलेला' म्हणता. माझ्याबद्दल हवं ते बोला. त्यांच्याबद्दल हे बोलणं मी ऐकून घेणार नाही.

आता ते वाक्यच तपासू. रस्ता आधी आला म्हणता. मानेवाडा, दिघोरी, वाठोडा, पारडी, कळमना, मानकापूर ही मुळात गावं आहेत. आजही विक्रीपत्रात 'मौजा' म्हणून हीच नावं येतात. रिंग रोड या गावांच्या शिवारातून काढला, रिकाम्या नकाशावरून नाही. ले-आउट पुढे पडत गेले हे खरं. पण ते का पडले? नोकरदाराला, कारागिराला परवडेल अशी मंजूर घरं शहरात पुरेशी नव्हती आणि शेतजमीन तुकड्यांनी विकायला माणसं तयार होती. '572' आणि '1900' ले-आउट, म्हणजे मंजुरीविना पडलेले आणि पुढे नियमित करायला घेतलेले ले-आउट, म्हटलं की नागपुरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. ही वस्ती आकाशातून पडलेली नाही. 2001 साली शासनाने गुंठेवारीचा, म्हणजे तुकड्यांनी विकलेल्या जमिनीवरची घरं नियमित करण्याचा, कायदा केला, 2021 मध्ये दुरुस्ती करून 31 डिसेंबर 2020 पर्यंतची बांधकामं त्यात घेतली. लोकांनी शुल्क भरलं, घरं कायम झाली. पैसे घेताना आम्ही नागरिक आणि झेब्रा मागताना नंतर आलेले, हा कुठला न्याय?

आणि समजा, रस्ता खरंच आधी आला. म्हणून काय झालं? आधी आलेल्याला माणसं चिरडायचा हक्क मिळतो का?

'हायवे' हा शब्दही तुम्ही फार सहज वापरता. डिसेंबर 1943 मध्ये देशभरातले मुख्य अभियंते याच शहरात जमले होते. तिथे ठरलेली रस्ते विकासाची योजना 'नागपूर योजना' म्हणूनच ओळखली जाते. राष्ट्रीय, प्रांतीय, जिल्हा आणि गाव रस्ते अशी वर्गवारी तिने केली, ती रस्ता कोणतं काम करतो यावरून. तेच माप इथे लावा. जुने क्रमांक 6 आणि 7 हे दोन महामार्ग, म्हणजे आजचे 53 आणि 44, नागपुरात एकमेकांना भेटतात. त्यांची वाहतूक गावाबाहेरून जावी म्हणून आउटर रिंग रोड आहे. मानेवाडा चौकात सकाळी काय चालतं? शिकवणीला निघालेली पोरं, दूध, शाळेच्या व्हॅन, 'आपली बस' ही शहर बस. हे काम शहरातल्या रस्त्याचं आहे, हायवेचं नव्हे. निवासी भागात पदपथाची मोकळी रुंदी किमान 1.8 मीटर हवी, असं इंडियन रोड्स काँग्रेसची मार्गदर्शिका सांगते. तेवढी अखंड पट्टी म्हाळगीनगर ते दिघोरी मला चालून दाखवा. पाण्याच्या टाक्या, जाहिरातीचे खांब, दुकानाच्या पायऱ्या आणि उभ्या गाड्या चुकवत माणूस शेवटी डांबराच्या किंवा सिमेंटच्या कडेला उतरतोच, आणि तिथेच मागून ट्रक येतो.

कळमन्याबद्दल तुमचं एक म्हणणं रास्त आहे: पारडी-कळमन्याचा भाग माझ्या लेखात दोन ओळींत उरकला गेला. बाजार समितीचं यार्डच तिथे आहे. संत्री, मिरची, धान्य घेऊन येणारा ट्रक तिथे येणारच, त्याला कोणी अडवत नाही. पण कळमन्यात उतरणारा माल आणि नुसता शहर ओलांडणारा कंटेनर यांतला फरक तुम्हाला कळत नसेल असं मला वाटत नाही.

उड्डाणपुलाने विषय संपतो, यावर फार लिहीत नाही. वर्धा रोडवर छत्रपती चौकात उड्डाणपूल होता. तो 2016 मध्ये मेट्रोसाठी पाडला. पूल वरच्या गाड्यांना पुढे काढतो, खाली रस्ता ओलांडणाऱ्याला तो काही देत नाही.

यापुढे लिहायचंच असेल, तर म्हातारीने भाजीची पिशवी घेऊन मानेवाडा चौक कसा ओलांडावा, तेवढं लिहा. त्याला मी जरूर उत्तर देईन. महाशय वगैरे भाषेला नाही.