कोल्हापूरच्या दोन आमदारक्या कुणी पळवल्या नाहीत

कोल्हापूरच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर मेसेज फिरतोय: '२००८ ला लोकसंख्या कमी दाखवून जिल्ह्याचे दोन आमदार पळवले. या जनगणनेत पुण्या-मुंबईची पोरं गावाकडंच नोंदवा. तरी आकडा कमी आला तर सर्किट बेंच हाय की, जागा परत घेऊ!' (सर्किट बेंच म्हणजे मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापुरातलं बेंच.)

बाराचे दहा झाले, हे खरं. सांगरूळ, पन्हाळा, वडगाव, गडहिंग्लज हे चार मतदारसंघ गेले, दोन नवे आले. पण त्यासाठी आकडा लपवायची गरजच नव्हती. राज्याच्या २८८ जागा १९७१ च्या जनगणनेवर गोठलेल्या; २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेत फक्त आतली, जिल्ह्याजिल्ह्यांतली वाटणी २००१ च्या लोकसंख्येनुसार झाली. तेव्हा राज्य ९ कोटी ६९ लाखांचं, म्हणजे आमदारामागे सुमारे ३ लाख ३६ हजार माणसं. जिल्हा ३५ लाख २३ हजारांचा. भागाकार १०.४७ येतो, साडेदहाच्या आत, म्हणून दहा. जिल्हा वाढला, पण ठाणे कितीतरी वेगानं वाढलं, तिथं १३ च्या २४ झाल्या. २०११ च्या आकड्यांवर तर आपला हिशेब ९.९३ वर उतरतो.

आता पोरं नोंदवायचं. जनगणनेत माणूस राहतो तिथं मोजतात. रेशनकार्डावरचं गाव कुणी विचारत नाही. मुद्दाम खोटी माहिती दिली तर १९४८ च्या कायद्यात दंड आहे. आणि २०११ च्याच हिशेबानं अकरावा आमदार मिळायला सव्वादोन लाख माणसं जास्त लागली असती. एवढी पोरं कुठनं आणणार?

सर्किट बेंचचं मात्र नीट समजून घ्या. ते मिळवायला कोल्हापूरनं वर्षानुवर्षं लढा दिला, त्याचा अभिमान आहेच. पण घटनेचं कलम ३२९ मतदारसंघांची आखणी आणि जागावाटपाच्या कायद्याला न्यायालयाचं दार बंद करतं. मतदारसंघ आखणाऱ्या परिसीमन आयोगाचा प्रसिद्ध झालेला आदेश कायद्याइतकाच पक्का, असं सर्वोच्च न्यायालयानं १९६६ मध्ये मेघराज कोठारी खटल्यात सांगितलं. २०२४ मध्ये गुजरातच्या बारडोली प्रकरणात दार थोडं किलकिलं झालं: आदेश उघड मनमानी आणि घटनेच्या मूल्यांशी विसंगत असेल तर न्यायालय बघेल. 'आमची माणसं कमी मोजली' एवढ्यावर ते उघडेल असं वाटत नाही. मणिपूरमध्ये २००१ चे आकडे फुगवल्याचा वाद न्यायालयात गेला. तिथली पुनर्रचनाच २००८ ला लांबणीवर पडली.

भांडायची जागा त्याआधी असते. २००२ च्या परिसीमन कायद्यानं आयोगाला मसुदा छापून हरकती मागवणं, जाहीर बैठका घेणं बंधनकारक केलं होतं. हातकणंगले लोकसभेला सांगली जिल्ह्यातला वाळवा-शिराळ्याचा भाग का जोडला, असा प्रश्न तिथं लेखी, नकाशासकट मांडता येतो. अंतिम आदेश निघाल्यावर तोच कागद घेऊन वकिलाकडं गेलात तर तो फी घेईल, आशा देणार नाही.