परदेशातून: विषयपत्रिकेची शेवटची ओळ

"प्रशासक होते तेच बरं होतं. निदान कामं तरी होत होती." महापालिकांत पुन्हा नगरसेवक बसल्यापासून हे वाक्य संभाजीनगरहून, लातूरहून, परभणीहून इथे कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलमध्ये आमच्या फोनवर येत राहतं. पुढचा युक्तिवादही ठरलेला. सभा म्हणजे गोंधळ, राजदंडाची ओढाओढ, अभिनंदनाचे ठराव, आणि जेवणाची सुट्टी झाली तरी विषय क्रमांक एक सुरू नाही. त्यापेक्षा एक अधिकारी सही करतो आणि रस्ता होतो. घरपट्टी वेळेवर भरणारी, शिकलेली माणसं हे म्हणतात, म्हणून जास्त लागतं.

संभाजीनगर महापालिकेची मुदत एप्रिल 2020 मध्ये संपली आणि निवडणुकीला जानेवारी 2026 उजाडला. लातूर, परभणी, नांदेडला 2022 पासून प्रशासक. जालन्याची महापालिका तर 2023 मध्ये प्रशासकाच्याच मांडीवर जन्मली. या वर्षांत ठराव थांबले नव्हते, सभा थांबली होती. सर्वसाधारण सभा आणि स्थायी समिती या दोन्हींचे अधिकार प्रशासकाकडे. विभागाने प्रस्ताव ठेवला, सही झाली, प्रशासकीय ठराव तयार. मांडणारं प्रशासन, मंजूर करणारंही तेच. संभाजीनगरची 1,680 कोटींची पाणीयोजना 2,740 कोटींवर गेली ती याच काळात. त्या वाढीवर सभागृहात तासभरही चर्चा होऊ शकली नाही, कारण सभागृहच नव्हतं. "कामं होत होती" म्हणणाऱ्यांनी हा हिशेबही त्यात धरावा.

सभेत गोंधळ होतो हे खरं आहे. पण तो नगरसेवकांच्या स्वभावातून येतो असं मला वाटत नाही, तो विषयपत्रिकेतून येतो. नियम साधा आहे: सभेची नोटीस सात पूर्ण दिवस आधी. पूर्ण दिवस म्हणजे नोटिशीचा दिवस धरायचा नाही आणि सभेचाही नाही. एक तारखेला नोटीस निघाली तर सभा लवकरात लवकर नऊ तारखेला. या सात दिवसांत नगरसेवकाने प्रस्ताव वाचायचा, जागेवर जाऊन यायचं, अभियंत्याला विचारायचं. प्रत्यक्षात पत्रिका वेळेवर निघते, पण सोबतची टिपणी येत नाही. विषय लिहिलेला असतो "शहरातील विविध विकासकामांबाबत विचारविनिमय करून निर्णय घेणे". कोणता भाग, कोणती कामं, किती रुपये, कोणत्या लेखाशीर्षातून, काहीच नाही. मग सभेच्या आदल्या संध्याकाळी पुरवणी विषयपत्रिका येते. ज्याला आदल्या संध्याकाळी कागद मिळाला तो सकाळी सभागृहात ओरडणारच. त्याच्याकडे दुसरं हत्यार शिल्लक ठेवलेलं नसतं.

आणि मग ती शेवटची ओळ. मराठवाड्यातल्या कुठल्याही पालिकेची विषयपत्रिका काढून बघा, अगदी तळाशी ती सापडेल: "मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय." पाईपलाईन फुटली, पूर आला, न्यायालयाची तारीख उद्यावर आली, अशा निकडीसाठी ही वाट हवीच. पण त्या वाटेने भूखंडाचं आरक्षण जातं, कंत्राटाची मुदतवाढ जाते, दुकानगाळ्यांचं भाडं जातं. पत्रिकेवर पंधरा विषय आणि इतिवृत्तात चाळीस ठराव, असं होऊ शकतं ते या एका ओळीमुळे. त्यात "दुरुस्तीसह मंजूर" हे दोन शब्द मिळाले की संपलंच. दुरुस्ती कोणती, ती कुणी सुचवली, शब्द काय होते, हे सभेत वाचलं जात नाही. ते नंतर दालनात लिहिलं जातं, आणि इतिवृत्त कायम करायला येतं तेव्हा दोन महिने उलटलेले असतात. त्या दिवशी पहिल्या पाच मिनिटांत "कायम, कायम" होतं.

इथे कॅलिफोर्नियात 1953 पासून ब्राऊन अ‍ॅक्ट नावाचा कायदा आहे, स्थानिक संस्थांच्या सभा लोकांसमोर व्हाव्यात म्हणून केलेला. नियमित सभेची पत्रिका 72 तास आधी लावायची, रस्त्यावरच्या माणसाला वाचता येईल अशा जागी आणि वेबसाइटवरही. सभा मंगळवारी संध्याकाळी सातला, म्हणजे शनिवारी संध्याकाळी सातच्या आत. सिटी क्लार्कचं, म्हणजे इथल्या नगरसचिवांचं, ऑफिस ते गुरुवारी-शुक्रवारीच उरकतं. प्रत्येक विषयाचं थोडक्यात वर्णन हवं, आणि ते साधारण वीस शब्दांच्या वर जायची गरज नाही, असं कायद्यातच लिहिलंय. वीस शब्दांत रस्त्याचं नाव, ठेकेदार आणि रक्कम आरामात बसते, "विविध विकासकामे" लिहायची वेळ येत नाही. 72 तासांच्या आत एखादा कागद बहुसंख्य सदस्यांना दिला, तर तो त्याच वेळी लोकांनाही खुला करावा लागतो.

ऐनवेळचा विषय इथेही घेता येतो. पण आधी दोन गोष्टींवर वेगळं मतदान करावं लागतं: तातडीने कृती हवी आहे, आणि ही गरज पत्रिका लागल्यानंतर लक्षात आली. त्याला हजर सदस्यांपैकी दोन तृतीयांश लागतात, आणि एकूण सदस्यांचे दोन तृतीयांश हजरच नसतील तर हजर असलेले सगळे. एकट्या अध्यक्षाच्या मानेवर काही अवलंबून नाही. पत्रिकेत नसलेल्या विषयावर निर्णय घेतलाच, तर कुणीही नागरिक 30 दिवसांत लेखी मागणी करून तो दुरुस्त करायला सांगू शकतो, आणि पुढे कोर्टात जाऊ शकतो. कुणी बाजूने मत दिलं, कुणी विरोधात, हे नावानिशी जाहीर करावं लागतं. "सर्वानुमते"च्या गोधडीत कुणाला लपता येत नाही.

इथेही वीस विषय एका मतात मंजूर होतात, कन्सेंट कॅलेंडरवर, म्हणजे वाद नसलेल्या नेहमीच्या विषयांच्या एकत्र यादीवर. पण मतदानाआधी एखाद्या सदस्याने "सात नंबर पुल करा" म्हटलं की तो बाहेर काढून त्यावर वेगळी चर्चा होते. कागद आधीच वाचलेले असतात म्हणून तो सात नंबर कुणाला तरी खुपतो. आपल्याकडे "एक ते अठरा मंजूर" होतं तेव्हा खुपायला कुणी काही वाचलेलंच नसतं.

यावर तिकडून उत्तर येतं: तुमच्या सनीव्हेलमध्ये सात जणांची कौन्सिल, आमच्या संभाजीनगरात 115 नगरसेवक. बरोबर आहे. पण 115 जणांना कागद न देता बसवणं हा त्यावरचा उपाय कसा? माणसं जितकी जास्त, तितके कागद आधी पोचायला हवेत. दुसरं उत्तर असतं की तिकडचे लोकच शिस्तीचे. हे ऐकलं की मला राग येतो. इथल्या लोकांचा विश्वास नव्हता म्हणूनच 72 तासांचा कायदा करावा लागला. शिस्त कायद्यामागून आली.

आणि हे सगळं आपल्याकडे नव्हतं असंही नाही. ग्रामसभेत मराठवाड्यातला साधा शेतकरी आजही उभा राहून सरपंचाला विचारतो, हातपंपाचे पैसे कुठे गेले. तो अधिकार त्याला कायद्याने आहे. संभाजीनगरला लागून असलेल्या सातारा-देवळाईचं बघा. ग्रामपंचायत होती, मग थोडा काळ नगरपरिषद, मग महापालिकेत विलीन. ग्रामसभेत बोलणारा तोच माणूस आता सर्वसाधारण सभेला गेला तर प्रेक्षक गॅलरीत गप्प बसतो. गाव शहर झालं आणि त्याचा आवाज गेला. माहिती अधिकाराच्या 2005 च्या कायद्यात कलम 4 आहे: सभा लोकांना खुल्या आहेत का, इतिवृत्तं लोकांना मिळतात का, हे पालिकेने कुणी न मागता जाहीर करायचं. बऱ्याच ठिकाणी ते पान वर्षानुवर्षं तसंच पडून असतं.

मी हे कोणत्या अधिकाराने लिहितो, असं कुणी विचारलं तर ठाम उत्तर माझ्याकडे नाही. ग्रीनकार्डवर इथे मत देता येत नाही. पण मंगळवारी पोडियमपाशी उभं राहून तीन मिनिटं बोलता येतं, नावसुद्धा सांगायची सक्ती नाही. लाल दिवा लागेपर्यंत सातही जण ऐकून घेतात. पासपोर्ट अजून भारताचाच आहे, पण मत द्यायचं तर तिथे हजर राहावं लागतं, आणि बोलायचं तर गॅलरीतून ते जमत नाही. मत नसलेल्या गावात माझं ऐकतात आणि ज्या गावाच्या पाण्यावर मी वाढलो त्या गावात ऐकून घ्यायची सोयच नाही, हे मला सहन होत नाही. "प्रशासक बरे होते" हे वाक्य म्हणूनच इतकं टोचतं. उरलीसुरली जागाही नको, असं माझीच माणसं म्हणताहेत.

नगरसेवकांपैकी कुणी हे वाचत असेल तर अमेरिकेची गरज नाही, पुढच्या सभेत एवढं करून बघा. ऐनवेळचा विषय पुकारला की उभं राहायचं आणि नगरसचिवांना तीन गोष्टी इतिवृत्तात लिहून घ्यायला लावायच्या: हा विषय प्रशासनाकडे कोणत्या तारखेला आला, पुढच्या सभेपर्यंत थांबला तर नेमकं काय बिघडेल, आणि ऐनवेळी घ्यायला कुणाकुणाची संमती आहे. "दुरुस्तीसह मंजूर" म्हटलं की दुरुस्तीचं वाक्य तिथल्या तिथे मोठ्याने वाचायला सांगायचं. सूचक-अनुमोदकाच्या सह्या त्या वाक्याखाली घ्यायच्या, कोऱ्या कागदावर नाही.