बढती कोणाला आणि का, हे लेखी सांगा

सरकारी नोकरीतल्या न्याय-अन्यायाबद्दल आपण बोलतो तेव्हा सगळी चर्चा नोकरी लागेपर्यंतचीच असते. पेपर फुटला, निकाल रखडला, जागा कमी काढल्या, मुलाखतीत गुण कापले. हे प्रश्न खरे आहेत आणि मुलं त्यासाठी रस्त्यावर उतरतात तेही योग्यच आहे. पण नोकरी लागल्यानंतरच्या तीस वर्षांचं काय? त्या काळात कोण वर चढतो, कोण आहे त्याच खुर्चीत निवृत्त होतो आणि हे कोण कशाच्या आधारावर ठरवतं, हे खात्याबाहेरच्या माणसाला जवळजवळ ठाऊकच नसतं. माझी बहुतेक नोकरी आस्थापना शाखेत गेली. ज्येष्ठता याद्या, साहेबांनी दरवर्षी कर्मचाऱ्याच्या कामावर लिहायचे गोपनीय अहवाल, कोणती जागा कोणत्या आरक्षण प्रवर्गाची हे दाखवणारा तक्ता म्हणजे बिंदुनामावली, बढती ठरवणाऱ्या पदोन्नती समितीपुढे ठेवायच्या टिपण्या, हेच रोजचं काम. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

भरतीत न्याय आणायचा एक उपाय फार जुना आहे. तपासणाऱ्याला उमेदवार कोण हे कळूच द्यायचं नाही. चीनमध्ये सोंग राजवटीत, म्हणजे सुमारे हजार वर्षांपूर्वी, उत्तरपत्रिकेवरचं नाव कागद चिकटवून झाकायचे. तरी परीक्षक हस्ताक्षरावरून माणूस ओळखत, म्हणून कारकुनांकडून अख्ख्या उत्तरपत्रिकेची नक्कल करून घ्यायची आणि ती नक्कल तपासायला द्यायची अशी पद्धत आली. हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनी वशिल्याचा एवढा बारीक विचार केला होता, हे वाचलं तेव्हा मला फार आदर वाटला. ब्रिटनमध्ये तोवर ओळखीपाळखीने नेमणुका चालत. १८५४ मध्ये नॉर्थकोट-ट्रेव्हेलियन अहवाल आला आणि स्पर्धा परीक्षेची कल्पना तिथे रुजली. अमेरिकेत तर त्यासाठी राष्ट्राध्यक्षांचा जीव गेला. १८८१ मध्ये सरकारी पद न मिळाल्याने चिडलेल्या माणसाने गारफिल्ड यांच्यावर गोळी झाडली आणि १८८३ मध्ये पेंडल्टन कायदा होऊन गुणवत्तेवर नेमणुका करायला सुरुवात झाली.

आपल्याकडे आयसीएसची, म्हणजे ब्रिटिश काळातल्या नागरी सेवेची, परीक्षा १८५५ पासून घेतली जाऊ लागली. कागदावर ती भारतीयांनाही खुली होती, पण द्यायची लंडनला जाऊन. सत्येंद्रनाथ टागोर १८६३ मध्ये त्यातून पास होणारे पहिले भारतीय ठरले. पुढे कमाल वय १९ वर आणलं, म्हणजे इथल्या मुलाने शिकायचं कधी आणि बोटीत बसायचं कधी? भारतात ही परीक्षा व्हायला १९२२ उजाडलं. उत्तरपत्रिका तपासताना कोणी पक्षपात केला नसेलही, पण परीक्षेच्या खोलीपर्यंत कोण पोचणार हे आधीच ठरलेलं होतं. महागडे क्लास, राहण्याचा खर्च, घरून किती वर्षं पाठबळ मिळतं, या गोष्टींनी आजही तेच होतं आणि त्यावर बोललंच पाहिजे.

तरीही मान्य करावं लागेल की भरतीच्या बाबतीत आपण बरंच पुढे आलो. मुलाखतीत समोर माणूस दिसतो, त्याची भाषा, कपडे, आडनाव कळतं, म्हणून तिथल्या गुणांवर लगाम हवा हे न्यायालयाने ओळखलं. १९८५ च्या अशोक कुमार यादव खटल्यात हरियाणातल्या भरतीतले मुलाखतीचे गुण सर्वोच्च न्यायालयाने अवाजवी ठरवले आणि सर्वसाधारण उमेदवारांसाठी ते १२.२ टक्क्यांच्या वर नसावेत असं सांगितलं. यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेत आज एकूण २०२५ गुणांपैकी २७५ मुलाखतीचे आहेत. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट क आणि अराजपत्रित गट ब च्या पदांसाठी मुलाखतच बंद केली. परीक्षा देणाऱ्या मुलाला आपले गुण कळतात आणि शेवटचा निवडलेला उमेदवार किती गुणांवर थांबला हेही कळतं.

आता हाच मुलगा रुजू झाला असं समजा. त्या दिवसापासून यातलं काहीही उरत नाही. त्याला तपासणारा माणूस रोज समोर बसतो, त्याचं नाव, गाव, स्वभाव सगळं जाणतो. सुट्टीचा अर्जही त्याच्याच सहीने मंजूर होतो आणि वर्षाच्या शेवटी गोपनीय अहवालही तोच, म्हणजे प्रतिवेदन अधिकारी म्हणून, लिहितो. वर तो अहवाल तपासणारा पुनर्विलोकन अधिकारी असतो, हे खरं. पण त्याच्या टेबलावर अशा अहवालांचा गठ्ठा असतो आणि त्यातल्या अनेकांना त्याने कधी पाहिलेलंही नसतं. 'प्रतिवेदन अधिकाऱ्यांशी सहमत' एवढं लिहून तो पान उलटतो. मी असे अहवाल नोंदवहीत चढवलेत. पानामागून पान तेच वाक्य, एकाच पेनाने लिहिलेलं.

एक उदाहरण डोळ्यांसमोरून जात नाही. आमच्या कार्यालयात एक वरिष्ठ लिपिक होते. एका देयकासोबत मोजमापाची नोंद नव्हती, म्हणून त्यांनी ते त्रुटी लावून परत पाठवलं. साहेबांनी बोलावून घेतलं तरी ते बधले नाहीत. त्या वर्षीच्या अहवालात कामाचा वेग, अचूकता, उपस्थिती या रकान्यांत चांगलेच शेरे होते. खाली सर्वसाधारण अभिप्रायात मात्र एकच ओळ होती, 'वरिष्ठांशी समन्वय राखण्यात कमी पडतात.' आणि प्रतवारी 'ब+' वरून 'ब' वर आली. शिस्तभंग नाही, चौकशी नाही, साधा ज्ञापनाचा कागद नाही. नियमावर बोट ठेवल्याची शिक्षा एका अक्षरात देऊन टाकली आणि दाद मागावी तर कशाविरुद्ध मागणार? 'ब' म्हणजे 'चांगला'च ना!

नेमका हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे देव दत्त विरुद्ध भारत सरकार या खटल्यात आला होता. निकाल २००८ चा. सीमा रस्ते अभियांत्रिकी सेवेतल्या या कार्यकारी अभियंत्याला बढतीसाठी सलग पाच वर्षं 'अतिशय चांगला' शेरा हवा होता. एका वर्षी, १९९३-९४ मध्ये, नुसता 'चांगला' पडला. तो प्रतिकूल नाही म्हणून त्याला कळवलाच नाही, आणि त्याच शेऱ्यावर बढती अडली. न्यायालयाने सांगितलं की शेरा कोणताही असो, उत्कृष्ट असला तरी, तो कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे आणि त्यावर म्हणणं मांडायची संधी दिली पाहिजे. २०१३ मध्ये सुखदेव सिंग खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हेच कायम केलं. पण निकाल लागेपर्यंत देव दत्त निवृत्त झाले होते. हा तपशील मला निकालाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

या निकालामुळे आपला अहवाल निदान आपल्याला दिसू लागला. तेवढ्याने भागत नाही, कारण निवडीची, म्हणजे नुसत्या ज्येष्ठतेवर न मिळणारी, बढती दोघातिघांच्या तुलनेवर मिळते. माझा अहवाल मला दिसतो, पण माझ्या पुढे गेलेल्याचा दिसत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या निकालानुसार मोठं जनहित दाखवल्याशिवाय कर्मचाऱ्याचे सेवाविषयक तपशील खासगी माहिती ठरतात, त्यामुळे माहिती अधिकारातूनही बहुधा नकारच येतो. दुसऱ्याचे अहवाल सर्वांसमोर टांगावेत असं माझंही म्हणणं नाही. पण ज्याला डावललं, त्याला समितीने चार ओळींत कारण द्यायला काय हरकत आहे? 'विचार करण्यात आला, शिफारस नाही' हे कारण झालं का? बढती मिळणं हा हक्क नाही, पण बढतीसाठी विचार होणं हा राज्यघटनेच्या अनुच्छेद १६ खालचा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलेलं आहे. विचार खरंच झाला की नाही, हे कारणाशिवाय कळणार कसं?

कर्मचाऱ्यावर चौकशी प्रलंबित असली की त्याच्या बढतीबाबतचा समितीचा निर्णय मोहोरबंद पाकिटात ठेवतात. १९९१ च्या जानकीरामन खटल्यात ठरलं की दोषारोपपत्र बजावलेलं असेल तरच पाकीट करता येईल, नुसती प्राथमिक चौकशी चालू आहे एवढ्यावर नाही. नियम चांगला आहे. पण समितीची बैठक जवळ आली की वर्षानुवर्षं पडून असलेल्या फाइलींना अचानक पाय फुटतात आणि आठवड्याभरात दोषारोपपत्र हातात पडतं, हे आस्थापनेत काम केलेल्या कुणालाही विचारा. दहा वर्षांनी माणूस निर्दोष सुटतो तोपर्यंत त्याच्यामागून आलेले त्याचे साहेब झालेले असतात.

म्हणूनच कर्मचारी ज्येष्ठतेला चिकटून असतात. बाहेरचे लोक याला आळशीपणा समजतात. १८५४ च्या त्या ब्रिटिश अहवालातही ज्येष्ठतेने मिळणाऱ्या बढतीवर टीका होती आणि बढती गुणवत्तेवर द्या अशी शिफारस होती. तत्त्व म्हणून मला ते पटतं. पण रुजू झाल्याची तारीख कोणी वाकवू शकत नाही आणि बंद खोलीत ठरलेली गुणवत्ता कशीही वाकवता येते. हा फरक कळला की ज्येष्ठता हा दुबळ्याचा एकमेव आधार आहे हे लक्षात येतं. गुणवत्ता मोजण्याची विश्वासार्ह पद्धत आधी द्या, मग ज्येष्ठता सोडायला सांगा. अर्थात ज्येष्ठतेचीही भांडणं संपत नाहीत. सरळसेवेने, म्हणजे थेट भरतीने, आलेले आणि बढतीने आलेले यांच्यात वर कोण, यावर महाराष्ट्रातल्या अभियंत्यांचा वाद घटनापीठापर्यंत गेला आणि १९९० मध्ये निकाली निघाला. याद्या दरवर्षी वेळेवर प्रसिद्ध झाल्या तर निम्मी प्रकरणं मॅटपर्यंत, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणापर्यंत, जाणारच नाहीत, असं माझं ठाम मत आहे.

बढतीतल्या आरक्षणाबद्दल थोडं बोलणं भाग आहे. इंद्रा साहनी निकालाने १९९२ मध्ये ते नाकारलं, १९९५ च्या ७७ व्या घटनादुरुस्तीने अनुसूचित जाती-जमातींसाठी ते पुन्हा शक्य केलं आणि त्यावर आजही खटले चालू आहेत. ज्यांना एरवी गुणवत्ता कधी आठवत नाही ते बिंदुनामावली निघाली की गुणवत्तेचा गजर करतात. बिंदुनामावली भिंतीवर लावता येते, बिंदू मोजता येतो, चूक असेल तर दाखवता येते. साहेबांच्या मर्जीचा बिंदू कुठल्या तक्त्यात सापडतो? आणि ज्या समाजांतली माणसं वरच्या खुर्च्यांवर फारशी नाहीत, त्यांचे अहवाल लिहिताना पूर्वग्रह आड येत नाही असं छातीवर हात ठेवून कोण सांगेल?

ऑगस्ट २०२४ मध्ये यूपीएससीने थेट बाहेरून ४५ पदं भरायची जाहिरात काढली आणि आरक्षण नसल्यावरून गदारोळ झाल्यावर तीन दिवसांत ती मागे घेतली. बाहेरचे तज्ज्ञ घ्यायला माझा विरोध नाही. पण आतल्या माणसाने वीस वर्षं काम करून त्या विषयात जे मिळवलं, ते मोजायची सोय न करता 'आत तज्ज्ञ नाहीत' म्हणणं अन्यायाचं आहे.

माझ्या मागण्या फार मोठ्या नाहीत. बढतीचे निकष वर्ष सुरू होण्याआधी लेखी जाहीर करा. प्रतवारी एका पायरीने जरी उतरवली, तरी त्या वर्षातला एखादा प्रसंग, तारीख, कागद दाखवायची सक्ती करा. डावललेल्याला कारण द्या. आणि समितीची बैठक रखडली तर ती कोणामुळे रखडली याची जबाबदारी ठरवा, कारण निवृत्तीला सहा महिने उरलेल्या माणसाची बढती नुसत्या दिरंगाईनेही बुडते.

नोकरीत असलेल्यांना एक विनंती. अहवालाची प्रत आली की नुसती सही करून परत देऊ नका. शेवटचा अभिप्राय वाचा, प्रतवारी मागच्या वर्षाशी ताडून पाहा. पटत नसेल तर मुदतीत लेखी निवेदन द्या, केंद्रात त्यासाठी १५ दिवस असतात. राज्यातल्यांनी आपल्या विभागाचं परिपत्रक बघून घ्या. साहेबांना राग येईल या भीतीने गप्प बसू नका, आणि निवेदन दिल्याची पोच तारखेसकट जपून ठेवा.