हाडांचा दवाखाना वर, आणि लिफ्ट सात पायऱ्यांनंतर

गेल्या मंगळवारी अप्पा पडले. पाऊस होता, पण पावसाला बोल लावायचा नाही. बेळगावात जून ते सप्टेंबर पाऊस कोसळतो, हे इथं इमारत बांधणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. पडले ते बिल्डिंगमुळे.

खानापूर रोडवरच्या एका कमर्शियल कॉम्प्लेक्समध्ये पहिल्या मजल्यावर हाडांचा दवाखाना आहे. अप्पांचं वय 78, गुडघ्यांनी दगा दिलेला, हातात काठी. लिफ्ट आहे म्हणून तर तिथं जातो आम्ही. पण ती लिफ्ट सुरू होते सात पायऱ्या चढून गेल्यावर! खाली अर्धं बेसमेंट काढलं, त्यामुळे तळमजला चार फूट वर गेला आणि लिफ्टही त्याच्याबरोबर वर गेली. ज्याला सात पायऱ्या चढता येतात तो पुढच्या वीसही चढेल. लिफ्ट कुणासाठी लावली मग?

बाजूला रॅम्प आहे. त्याला रॅम्प म्हणायला माझी जीभ रेटत नाही. नियम सांगतो की एक फूट चढायचं असेल तर बारा फूट लांबी हवी. म्हणजे चार फुटांना 48 फूट, मध्ये टेकायला सपाट जागा, दोन्ही बाजूंना कठडा. इथं सगळं नऊ फुटांत उरकलंय. दुसऱ्या दिवशी टेप घेऊन जाऊन मी स्वतः मोजलं. वर पॉलिश केलेला काळा ग्रॅनाइट. आणि गच्चीवरून येणारा पावसाच्या पाण्याचा पाइप नेमका त्या रॅम्पच्या डोक्यावर सोडलेला. कठडा नाहीच. अप्पांनी काठी टेकली, काठी सरकली, आणि माझ्या हातातून त्यांचा दंड सुटला. कोपराला पाच टाके पडले. हाड वाचलं, एवढंच.

वॉचमन धावत आला, त्यानं अप्पांना उचललं. बिचारा म्हणतो, "रोज कोण ना कोण पडालेत ओ अक्का, मालकांना सांगून दमलो." रोज! म्हणजे मालकाला माहीत आहे. ज्यानं नकाशा काढला त्याला माहीत होतं. ज्यानं त्या नकाशावर शिक्का मारला त्याला तर माहीत असायलाच हवं होतं. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा 2016 चा कायदा आहे. त्याच्या 44 व्या कलमात स्वच्छ लिहिलंय की सुगम्यतेचे, म्हणजे अपंगांना सहज ये-जा करता यावी यासाठीचे, नियम पाळले नसतील तर बांधकामाला परवानगी द्यायची नाही, आणि बांधून झाल्यावर कंप्लीशन सर्टिफिकेटही द्यायचं नाही. खासगी इमारतीसुद्धा त्यात येतात. मग ही बिल्डिंग उभी कशी राहिली? गाळे विकले कसे गेले? वर दवाखाना कसा थाटला?

बेसमेंटचं तर नावच काढू नका. कागदावर पार्किंग. प्रत्यक्षात एका बाजूला गोडाऊन, दुसऱ्या बाजूला पोरांची अभ्यासिका. दिल्लीत राजेंद्रनगरला जुलै 2024 मध्ये असल्याच बेसमेंटमधल्या लायब्ररीत पाणी घुसलं आणि तीन मुलं बुडून मेली. सगळ्या देशानं बघितलं ते. आमच्याकडं जुलैत बेसमेंटच्या उतारावर घोटाभर पाणी असतं, दाराशी वाळूची पोती रचलेली असतात, आणि आत पोरं पुस्तकं उघडून बसलेली असतात. मला तिथून जाताना पोटात गोळा येतो.

पार्किंग गोडाऊननं खाल्लं, म्हणून गाड्या पुढच्या सोडलेल्या जागेत. पुढच्या जागेत मोबाइलवाल्यानं पत्र्याचं शेड काढलं, म्हणून गाड्या फुटपाथवर. फुटपाथ भरला, म्हणून माणसं रस्त्यावर. आणि रस्ता तरी कुठला? गोव्याला जाणारे ट्रक ज्या रस्त्यानं धावतात तो. बिल्डिंगनं आपली जागा सोडायची नाही, आणि सोडायची कुणी तर काठी टेकत चालणाऱ्या म्हाताऱ्यानं!

बरं, फुटपाथ मोकळा मिळाला तरी चालता येतं का? पादचाऱ्यांसाठी किमान 1.8 मीटर रुंद, सलग, मोकळी वाट हवी असं रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसची मार्गदर्शिका सांगते. आमच्याकडं प्रत्येक मालकाचा फुटपाथ वेगळा. एकानं शहाबादी घातली, दुसऱ्यानं ग्रॅनाइट, तिसऱ्यानं पेव्हर. एकाची जागा फूटभर वर, शेजाऱ्याची फूटभर खाली, मध्ये शोरूमच्या गाड्यांसाठी काँक्रीटचा उतार. आमच्या घराच्या वळणापासून दवाखान्यापर्यंत 14 बिल्डिंगा आहेत. त्यांच्यासमोरून जाताना 11 वेळा खाली उतरून परत चढावं लागतं. तेही मोजलंय मी. सगळ्यांनी मिळून एक पातळी ठेवायला काय जड जातं? रस्त्याची पातळी एकच आहे ना?

बेळगावातल्याच शहापूरच्या आमच्या जुन्या घराला रस्त्याच्या बाजूला कौलांची पडवी होती. पावसाची सर आली की ओळख असो नसो, कुणीही खाली येऊन उभं राहायचं. भाजीवाली पाटी टेकवायची. आत्ताच्या या काचेच्या भिंतींना वीतभर छज्जा नाही. पाऊस आला तर उभं राहायला जागा नाही, आणि मार्चमध्ये संध्याकाळी पाच वाजता पश्चिमेच्या काचेवरून ऊन असं डोळ्यांत घुसतं की समोरची स्कूटर दिसत नाही. आत एसी, आणि त्याचं गरम वारं नि टपकणारं पाणी बाहेर आमच्या अंगावर.

इमारतींचं मोजमाप घ्यायला महापालिकेकडं माणसं नाहीत, हे मला सांगू नका. पाटीवर 60 टक्के कन्नड आहे की नाही हे बघायला माणसं आहेत. 2024 मध्ये त्याचा कायदा आला, आणि दुकानादुकानासमोर उभं राहून अक्षरं तपासली गेली. आमच्या सीमाभागात तो विषय किती दुखरा आहे हे मला कुणी शिकवायला नको. पण दर्शनी भागाकडं इतकं बारकाईनं बघता येतं, तर त्याच पाटीखालचा रॅम्प, कठडा, पायरी का दिसत नाही? कन्नड बोलणारी आजी काय त्या ग्रॅनाइटवरून घसरत नाही?

महापालिकेत तक्रार घेऊन गेले मी. खिडकीतल्या माणसानं फोटोकडं बघितलंसुद्धा नाही. म्हणाला, लेखी द्या, साहेब साइटवर गेलेत. लेखी दिलं. पोच मागितली तर शिक्का सापडेना. अर्धा तास उभी राहिले, पण शिक्का मारून घेतल्याशिवाय हलले नाही.

आणि परत येताना बघते तर शेजारच्या प्लॉटवर नवीन कॉम्प्लेक्स उठतंय. तिथंही तळमजला चार फूट वर. हिरव्या जाळीवर गाळे बुकिंगचा भला मोठा फ्लेक्स आहे, मंजूर नकाशा कुठंच नाही. सुप्रीम कोर्टानं 17 डिसेंबर 2024 ला मेरठच्या बेकायदा बांधकामाच्या प्रकरणात सांगितलंय की बांधकाम चालू असताना मंजूर नकाशा जागेवर लावलाच पाहिजे, आणि कंप्लीशन सर्टिफिकेट असल्याशिवाय वीज-पाण्याचं कनेक्शन द्यायचं नाही. या बिल्डिंगच्या पायऱ्या अजून ओतायच्या आहेत. लिफ्ट रस्त्याच्या पातळीवर आणायला अजून वेळ गेलेली नाही. त्या साइटचे फोटो जोडून दुसरा अर्जही दिलाय मी. आता दर सोमवारी जाऊन विचारणार आहे.

परवा अप्पांचे टाके काढायचे आहेत. त्याच दवाखान्यात, त्याच सात पायऱ्यांवरून. काल रात्री जेवताना त्यांनी हळूच विचारलं, "कठडा लावला का गं त्यांनी?"