अहिल्यादेवींच्या पैशाबद्दलही बोला

३१ मे आला की आपलं सोलापूर पिवळं होतं. मिरवणुका, भंडारा, चौकाचौकात फ्लेक्स, आणि फ्लेक्सवर हातात पिंड घेतलेल्या अहिल्यादेवी. २०१९ पासून आपल्या विद्यापीठालाही त्यांचंच नाव आहे. मला याचा मनापासून अभिमान वाटतो. पण भाषणं ऐकताना दरवर्षी एक गोष्ट खटकते. देवळं बांधली, घाट बांधले, अन्नछत्रं घातली, हे सगळे सांगतात. पैसा कुठून आला, ते कुणी सांगत नाही.

पैसा त्यांच्या हक्काचा होता. १७३४ साली पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंच्या नावे वेगळी जहागीर करून दिली. तीच होळकरांची खासगी. गौतमाबाई गेल्यावर ती सुनेकडे, म्हणजे अहिल्यादेवींकडे आली. फौजफाटा, राज्यकारभार दौलतीच्या, म्हणजे सरकारी खजिन्याच्या पैशातून, आणि खासगीचा जमाखर्च वेगळा. काशी, सोमनाथ, गया इथला दानधर्म या खासगीतून झाला. आपल्या पंढरपुरातला होळकर वाडा आणि राममंदिरही त्यांचंच.

नवरा १७५४ ला कुंभेरीच्या वेढ्यात गेला, सासरे १७६६ ला, पुढच्याच वर्षी मुलगा. आता मागे फक्त बाई उरली म्हणून राघोबादादा फौज घेऊन निघाले, तेव्हा त्यांचाही डोळा या पैशावरच होता. अहिल्यादेवी लढाईची तयारी करून उभ्या राहिल्या आणि दादांना माघार घ्यावी लागली. पुढे त्यांचे सेनापती तुकोजी होळकर मोहिमांसाठी पैसे मागत राहिले, आणि बाई आधी मागचा हिशेब मागत राहिल्या. मला त्यांचं हे रूप सगळ्यात मोठं वाटतं. निपुत्रिक सावकार वारला की त्याच्या संपत्तीवर सरकारची नजर जायची, तिथेही त्यांनी विधवेला दत्तक घेऊ दिलं आणि तिची संपत्ती तिच्याकडेच ठेवली.

आता आपल्या गावात या. पूर्व भागात माझ्या ओळखीच्या एक अक्का आहेत. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं, कात्रीने बोटांना घट्टे पडलेले. हजार विड्या वळायच्या तर अख्खा दिवस मोडतो. मजुरी बँकेत जमा होते, पासबुक प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं असतं, पण एटीएम कार्ड मुलाच्या खिशात. खात्यात किती आहेत विचारलं तर म्हणाल्या, "त्यालाच ठाऊक."

आणि हे फक्त अक्कांचंच नाही. २०२१ पासून बाईच्या नावावर घर घेतलं की मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. ती मिळवायला आपल्या सुशिक्षित घरांतही बायकोच्या नावावर फ्लॅट होतो. सही तिची, दस्त मात्र नवऱ्याच्या कपाटात. याच सोलापुरात कुंभारीला महिला विडी कामगारांसाठी १०,००० घरांची वसाहत उभी राहिली, ती बायकांनी रस्त्यावर उतरून मिळवली. तेवढी धमक आपल्याकडे आहे.

म्हणून जयंती मंडळांना माझी हात जोडून विनंती आहे. यंदा एका तरी वक्त्याला फक्त खासगीच्या कारभारावर बोलायला लावा. मंडपात एक टेबल मांडा. पासबुकात काय बघायचं, दस्त कसा वाचायचा, वारसनोंदीला काय कागद लागतात, हे वाणिज्य शाखेच्या पोरी बायकांना छान समजावतील. तेलुगू आणि कन्नड बोलणारी एकेक मुलगी असू द्या. टेबलाचा, झेरॉक्सचा, चहापाण्याचा खर्च मी देते. ज्या मंडळाची तयारी असेल त्यांनी इनबॉक्समध्ये कळवा.